पत्रकाची मागची बाजू

रोपवाटिका,
१४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मोबाईलचा मनोरा आगीत जळाला तो अजून उभा राहिलेला नाही, त्यामुळे सगळं पत्रावरच चाललं आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. फोनवर मी अडखळतो, पत्रात खोडता तरी येतं. आईचा धुराचा खोकला आता थांबला आहे.

वरच्या टेकडीची गणना काल संपली. आग विझून बेचाळीस दिवस झाले. मुकादम म्हणाले, तू नववीपर्यंत गेलेला आहेस, अक्षर वाचता येण्यासारखं आहे, पत्रक तूच लिही. दोरी टाकून टेकडीचे वीस चौकोन पाडले आणि एकेक चौकोन पायाखाली घातला. बूट राखेत घोट्यापर्यंत जातात.

मामा, एक शंका आहे. पत्रकात एकच प्रश्न आहे: छातीइतकी किंवा त्याहून उंच अशी जिवंत झाडं किती. छातीच्या उंचीला टेकडीवर एक हिरवं पान नाही. म्हणून वीसही रकान्यांत शून्य लिहिलं. पण खाली वाकून बघितलं तर बुंध्याशी, मुळांतून फुटवे आले आहेत. बोटभर उंच, तांबूस, हाताला चिकट. असे ६११ बुंधे मी मोजले, दोनदा मोजले. काळ्या खोडांच्या सालीत अळ्या झाल्यात, त्यामागे सुतार पक्षी आलेत, त्यांची २३ भोकं मोजली. चौदाव्या चौकोनात एक पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या घरात न विचारता शिरलो आहे. यातल्या कशालाच रकाना नाही. म्हणून हे सगळं पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलं, खाली सही केली.

ठीक केलं ना? दोन दिवस घास गोड लागत नाही. पत्रक टपालात टाकलं आहे, ते आधी आवक-जावकला तुमच्याच टेबलावर येईल. बघून कळवा.

मामींना नमस्कार. माया आहे ती राहू द्या, चुका काढणं त्याहून जास्त चालू राहू द्या.

तुमचा,
भाचा


२० मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी मामी म्हणाली, हा पोरगा डोक्यावरचे केस मोजून मग झोपत असेल. मी म्हटलं, झोपत असेल कशावरून?

पत्रक मिळालं. अक्षर पाहून ऊर भरून आला. पण ते सोबत परत पाठवतो आहे. मागच्या बाजूचं सगळं गाळून फक्त पुढचे आकडे नव्या पत्रकावर उतरवून पाठव. अरे, मागची बाजू इथे कुणी बघत नाही. संगणकात भरणारी मुलगी पुढचे आकडे भरते आणि कागद फाईलला लावते. साहेबांनी चुकून उलटून पाहिलं तर मात्र चिडतात. मागे एकाने असंच पाठीमागे पाणवठ्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं, त्याची बदली अशा जागी झाली की त्याचं पत्रही आता येत नाही.

तू हंगामी आहेस. कायम करायच्या यादीत तुझं नाव घालावं म्हणून मी दोन वेळा साहेबांच्या दारात उभा राहिलो आहे. अशा वेळी शहाणपण दाखवायचं नसतं. एकतीस वर्षं मी एकच गोष्ट पाळली: विचारलं तेवढंच लिहायचं. तुझे फुटवे काही पळून जात नाहीत. झाड आहे, ते आपल्या जागी वाढेल, कागदाला विचारून थोडंच वाढतं?

ताईला औषध वेळेवर दे. जेवत जा. माझे आशीर्वाद तुझ्या शंकांपेक्षा संख्येने जास्त आहेत, मोजून बघ.

तुझा,
मामा


२५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे नवं पत्रक केलं. पुढे वीस शून्यं, मागे कोरं. पाकिटात घालताना ते फार हलकं वाटलं, पण कागद तेवढाच होता, मी उगीच म्हणतो आहे. तुम्ही सांगता म्हणजे बरोबरच असणार.

जुनं पत्रक फाडलं नाही. माझ्या हातून लिहिलेला कागद फाडवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पेटीत तळाशी ठेवलं आहे.

लोभ कमी न व्हावा.

तुमचा,
भाचा


९ मे

ती. मामांस,
न. वि. वि.

काल सकाळी वरच्या टेकडीवर बुलडोझर आला. पायथ्याला पाटी लावली आहे: मृत क्षेत्र. सगळी टेकडी खरवडून, जळकी खोडं पाडून, सरळ चर मारून एकाच जातीची रोपं ओळीने लावायची आहेत. ती रोपं आमच्याच वाटिकेत तयार होत आहेत. महिनाभर मी स्वतः त्यांच्या पिशव्या भरतो आहे आणि कशासाठी ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी वर पळत गेलो. मशीनवाल्याला म्हटलं, थांबा, हे जिवंत आहे, खाली उतरून बघा. तो उतरला. माणूस वाईट नाही. एक फुटवा त्याने बोटांत धरूनही पाहिला. मग खिशातून आदेशाची झेरॉक्स काढली आणि म्हणाला की भाऊ, मी कागद बघून काम करतो आणि कागदावर हे मेलेलं आहे. आदेशाला माझंच पत्रक जोडलेलं होतं. तो कौतुकाने म्हणाला की ज्याने कुणी लिहिलं त्याने मन लावून लिहिलं आहे, शून्यं कशी सगळी एका मापाची काढली आहेत. मामा, मी त्याला सांगू शकलो नाही की ती माझी आहेत.

पहिला चौकोन संध्याकाळपर्यंत संपला. पहिल्या चौकोनात ३८ बुंधे होते. कडेला एक उंच काळं खोड होतं, त्यात सुतार पक्ष्याचं घरटं होतं हे मी तुम्हाला मागच्या बाजूला लिहिलं होतं. ते आडवं झालं. ढोली फुटली. आत तीन पिल्लं होती, पिसं फुटत आलेली. मादी त्या पडलेल्या खोडावर येऊन बसत होती आणि उडत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झालं तेव्हा तेवढाच आवाज होता.

तुम्ही लिहिलं होतं, फुटवे काही पळून जात नाहीत. नाहीच गेले पळून. जागच्या जागी मेले.

मी तुमचं ऐकलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मी तुमच्या सांगण्यावरून पुसलं. मला स्वतःची चीड येते, पण ती सगळी माझ्या वाटणीची नाही.

मायना लिहिताना 'सा.' गाळला आहे. विसरलो नाही.

भाचा


१३ मे

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. आवाज जरा खाली घे. तुला नोकरीला लावलं ते मी, शाळा सुटल्यावर शब्दकोश आणून दिला तो मी, आणि आज मलाच 'सा.' गाळून दाखवतोस! माझं काही अडत नाही त्या एका अक्षरावाचून. मामीला मात्र वाईट वाटलं.

आदेश मी काढला नाही. आदेश वरून निघाला. एकदा पत्रकावर शून्य दिसलं की पुढची चाकं आपोआप फिरतात, त्यात माझ्यासारखा कारकून कुठे येतो? टेकडी जिवंत असल्याचा कार्यालयात एक कागद असता, एक ओळ असती, तर मी स्वतः साहेबांपुढे ठेवली असती. पण तसा कागद नाही. तू आता नवा लिहिलास तर ते म्हणतील, मशीन आल्यावर याला जाग आली. खरं आणि खोटं आपल्या जागी, कार्यालयात तारीख बघतात.

पक्ष्याचं वाचून वाईट वाटलं. पण मशीनसमोर उभा वगैरे राहू नकोस. ताईला तू एकटा आहेस. कायमची यादी पुढच्या महिन्यात लागेल. तोवर दात-ओठ खायचे ते घरात खा.

रागावलास तरी माझाच आहेस.

मामा


१७ मे

ती. मामांस,
न. वि. वि.

तुम्ही लिहिता की तसा कागद नाही. कागद आहे.

तुमचं पत्र वाचून मी पेटी उघडली आणि जुनं पत्रक काढलं. मार्चमध्ये ते परत आलं तेव्हा मी नीट पाहिलंच नव्हतं, लाजेने घडी घालून ठेवलं होतं. आज पाहिलं. पुढच्या बाजूला वर उजवीकडे जांभळा शिक्का आहे. आवक क्रमांक ३१८. तारीख १८ मार्च. खाली तुमची सही.

लहानपणी सुट्टीत मी तुमच्या टेबलाशेजारी बसायचो, आठवतं? तुम्ही पाकीट फोडायचात, शिक्का मारायचात, रजिस्टरात ओळ लिहायचात आणि मग चष्मा लावून वाचायचात. मी विचारलं होतं, आधी वाचत का नाही. तुम्ही म्हणाला होतात, आलेला कागद आला हे आधी कबूल करायचं, तो आवडतो की नाही हे नंतर. मला ते इतकं आवडलं होतं की मी घरी येऊन आईला सांगितलं.

म्हणजे तुम्ही ३१८ कबूल केला, मग वाचला, मग माझ्या भल्यासाठी मला परत पाठवून दिला. रजिस्टरात ३१८ ची ओळ असेल आणि फाईलमध्ये कागद नसेल. दिवस मशीन येण्याच्या एक्कावन्न दिवस आधीचा. तुम्हाला तारीखच हवी होती ना?

मला ठाऊक आहे की आवक झालेला कागद परत पाठवणं किती मोठा गुन्हा आहे. तुम्हीच शिकवलंत. तुमची सात महिन्यांनी निवृत्ती आहे, तेही ठाऊक आहे. म्हणूनच मी सरळ साहेबांकडे गेलो नाही. मी नेला तर तुम्ही पकडले जाल. तुम्ही नेलात तर तुम्ही सांगितलं असं होईल. या दोहोंत फरक आहे असं मला वाटतं. नसला तर कळवा.

आज संध्याकाळी पाच चौकोन गेलेले आहेत. दोन दिवसांत साधारण एक जातो, रविवारीसुद्धा. सात दिवस वाट बघेन. त्यानंतर मी स्वतः बसने येईन आणि त्या दारात उभा राहीन, जिथे तुम्ही माझ्या नोकरीसाठी दोन वेळा उभे राहिलात. यादीतून नाव गेलं तर जाऊ द्या. ज्या टेकडीला मी मेलेली लिहून दिलं तिच्यावर कायम व्हायचं मला जमणार नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं की मामाला एवढी पत्रं कसली लिहितोस. मी म्हटलं, कामाची.

भाचा


२१ मे

चि. भाच्यास,

तुझं पत्र मी टेबलावर फोडलं, नेहमीप्रमाणे. तिसऱ्या ओळीला उठून जिन्यात गेलो आणि तिथे उभ्याने वाचलं. शिपायाने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

तू मला मुदत देतोस. ज्याला मी सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेलं तो मला सात दिवसांची मुदत देतो. संताप आला. मामीला पत्र दाखवलं, वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. ती वाचून एवढंच म्हणाली की पोराने तारखा बरोबर घातल्या आहेत.

एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही. निरोपाच्या दिवशी लोक हेच बोलतील असं मी धरून चाललो होतो. नोटीस निघेल. निवृत्तीचे कागद अडकतील. हे सगळं तुला कळतं, तरीही तू लिहिलंस.

ते पत्रक माझ्याकडे पाठव. मूळ पाठव. पुढे काय करायचं ते मी बघतो.

मामा


२४ मे

ती. मामांस,
न. वि. वि.

'मी बघतो' याचा अर्थ काय ते तुम्ही लिहिलं नाही. मी ते वाक्य वीस वेळा वाचलं. मार्चमध्येही तुम्हीच बघितलं होतं.

तरी मूळ पत्रक सोबत आहे, रजिस्टर पोस्टाने. बाजारात जाऊन दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास नाही, हे लिहिताना वाईट वाटतं, पण खोटं लिहायचं मी मार्चपासून सोडलं आहे. मात्र झेरॉक्समध्ये जांभळा शिक्का काळा येतो. दुकानदार म्हणाला, याचा काही उपयोग नाही, असा शिक्का कुणीही काढेल. म्हणजे खरा कागद हाच. आता तुम्ही तो फाडलात तर मी काहीही सिद्ध करू शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

आठ चौकोन गेले. पिंगळ्याचा चौदावा अजून आहे.

सायकलचं मी विसरलेलो नाही. माझे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून तुम्ही स्वतःच्या रुमालाने ते बांधले होते.

भाचा


१ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पाकीट २७ तारखेला मिळालं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. दोन दिवस तिथेच होतं. का, ते विचारू नकोस. दोन दिवस रोज दहा वेळा वाटलं की हे हरवलं तर कुणाला कळणार, आणि दर वेळी आठवलं की ज्याला कळेल तो मला ओळखतो.

२९ ला पत्रक घेऊन साहेबांकडे गेलो. वर टिपणी लावली, माझ्या हातची: सदर कागद १८ मार्चला आवक होऊन माझ्याकडून परत पाठवण्यात आला. 'माझ्याकडून' हा शब्द लिहायला मला अर्धी सकाळ लागली. साहेब म्हणाले की तुमच्यासारख्या माणसाने असं करावं? मी म्हटलं, माझ्यासारख्यालाच करता येतं, बाकीच्यांना कागद वेळेवर सापडतच नाहीत. ते हसले नाहीत. मग त्यांनी पत्रक उलटलं. एकतीस वर्षांत त्या खोलीत मी कुणाला कागद उलटताना पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ वाचत होते. पिंगळा दिवसाही दिसतो का, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत! मी म्हटलं, भाच्याने लिहिलं आहे म्हणजे दिसत असणार.

टेकडीवरचं काम ३० तारखेपासून थांबवलं आहे. फेरगणना करायची आहे. या वेळी एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, असा आदेश आहे.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. माझं टेबल जुन्या फायलींच्या खोलीत हलवलं. तिथे पंखा नाही. तुझं नाव यादीत नाही. यापुढे यादीबद्दल मी दारात उभा राहिलो तर मलाच बाहेर काढतील. मला तुझा राग आहे आणि तो माझ्याकडेच राहणार आहे. पण बरोबर तूच होतास, तेही माझ्याकडून लिहून घे, तारखेसकट.

ताईला सगळं सांग. मी सांगितलं तर ती आधी मला झोडपेल.

मामा


८ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

'सा.' परत घातला आहे. मामींना बरं वाटावं म्हणून. तुमच्यासाठी घातला असं समजलात तर माझी हरकत नाही.

३० तारखेला सकाळी मुकादम कागद घेऊन वर आले तेव्हा अकरावा चौकोन नुकता संपला होता. मामा, अकरावा तुमच्या ड्रॉवरमध्ये गेला. हे मी न लिहिता पत्र संपवणार होतो, पण जमलं नाही. त्यात २९ बुंधे होते.

मशीनवाल्याने जाताना मला बोलावून विचारलं की ती शून्यं तुझीच होती ना. मी हो म्हटलं. तो म्हणाला की मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, एवढं रडकं तोंड परक्याचं नसतं. मग त्याने डब्यातलं अर्धं जेवण मला दिलं. मी खाल्लं. राग आला होता, तरी खाल्लं.

आईला सगळं सांगितलं. तिने तुम्हाला झोडपायचं तुम्ही इथे येईपर्यंत राखून ठेवलं आहे. तुम्ही यावं. फेरगणनेला लिहिणारा माणूस हवा आहे आणि तुमच्या नव्या खोलीत तसंही पंखा नाही. पंधरा तारखेला सुरुवात. जुने बूट आणा, पेन स्वतःचं आणा. मी मोजेन, तुम्ही लिहाल. मी सांगेन ते सगळं लिहायचं, रकाना असो वा नसो. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जाईलच असं वचन देत नाही, पण तुमच्याइतकं स्वच्छ अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही.

तोवर मी एकट्याने एक कच्ची फेरी मारली. आकडे या कागदाच्या मागे लिहिले आहेत. उलटून बघा.

लोभ होता, आहे, आणि त्याची चौकशी चालू आहे.

तुमचा,
भाचा

(मागच्या बाजूला)

चौकोन १२ ते २०. मार्चमध्ये फुटवे असलेले बुंधे २६८. आज ३०१. सगळ्यात उंच फुटवा माझ्या गुडघ्याच्या वर. सुतार पक्ष्यांची भोकं १४, त्यांतल्या दोनांत ये-जा आहे. चौदाव्यात पिंगळा आहे. आता दोन आहेत.

चौकोन १ ते ११. मार्चमध्ये ३४३. आज शून्य. मशीनच्या पट्ट्यांतून, चरांतून, मातीच्या ढिगांवर गुडघे टेकून पाहिलं. तीन दिवस पाहिलं. या वेळी कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. हे शून्य खरं आहे.